नंदादेवी: चाळीस वर्षांहून जास्त काळ बंद असलेलं शिखर पुन्हा उघडावं का?

कातळवेडा :
नंदादेवी गिर्यारोहकांसाठी पुन्हा खुली होणार अशी कुजबुज अधूनमधून उठते, चार दिवस चालते आणि विरते. परवा आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर यावरून एवढी खडाजंगी झाली की दोघे ग्रुप सोडून गेले. म्हणून विषय इथे आणतोय. इथली मंडळी भांडून कुठे जात नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं हे ७८१६ मीटरचं शिखर. कांचनगंगा नेपाळच्या सीमेवर येते, त्यामुळे सबंध भारतात असलेलं सर्वांत उंच शिखर हेच. पण उंचीपेक्षा तिची जागा विलक्षण आहे. भोवती साधारण ११० किलोमीटर घेराचा डोंगरांचा तट, त्यात ६४०० मीटरच्या वरची डझनभर शिखरं, आणि या तटाला फट एकच, पश्चिमेला ऋषिगंगेची घळ. ब्रिटिश गिर्यारोहक लाँगस्टाफने प्रयत्न केला, रटलेजने तर पुन्हा पुन्हा केला, आतल्या कुरणांपर्यंत कुणी पोचलं नाही. १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे अंग थार्के, पासंग आणि कुसांग या शेर्पांसोबत घळीतून वाट काढत आत शिरले. दोनच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३६ ला, टिलमन आणि नोएल ओडेल माथ्यावर होते. १९५० मध्ये फ्रेंच अन्नपूर्णेवर चढेपर्यंत माणसाने सर केलेलं सर्वांत उंच शिखर हेच होतं.

१९७४ पासून परदेशी मोहिमांना परवानगी मिळू लागली आणि काही वर्षांतच आतल्या कुरणांची रया गेली. भूर्ज आणि जुनिपर चुलीत, डबे आणि प्लास्टिक जागच्या जागी. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि पाठोपाठ दार लागलं. १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात नाव गेलं.

माझं मत: वर्षाला दोन-तीन छोट्या मोहिमा, कडक नियम, घसघशीत अनामत, या अटींवर उघडावं. इतकं देखणं शिखर आपल्या देशात आहे आणि आपली अख्खी पिढी ते फोटोत बघत म्हातारी झाली. तुम्हाला काय वाटतं?

कोथरूडचे_अण्णा :
बंद आहे तेच उत्तम. उघडलं की पहिल्या वर्षी मोहीम, दुसऱ्या वर्षी मॅगी, तिसऱ्या वर्षी डीजे. शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडावर जाऊन या, मग बोलू.

नकाशाप्रेमी :
अधिकृत नकाशाप्रमाणे के-टू पण आपलंच. तेव्हा 'सबंध भारतात सर्वांत उंच' हे विधान तपासावं.

तिरकस :
दुसऱ्याच प्रतिसादात धाग्याचा काश्मीर. आणि या वेळी शब्दशः.

कातळवेडा :
@नकाशाप्रेमी, के-टू चीनच्या सीमेवर आहे हो. तिथेही 'सबंध' लागू होत नाही.

नकाशाप्रेमी :
बरं. मग नंगा पर्वत? ८१२६ मीटर.

संपादक :
नकाशाची चर्चा वेगळ्या धाग्यावर करावी. इथे नंदादेवी.

भटकी_मंजिरी :
अण्णांशी निम्मी सहमत. क्वारी पासच्या वाटेवर आता निम्मे आवाज मराठी असतात, "अरे पोहे संपले का" हे १२ हजार फुटांवर ऐकलंय. औलीच्या वर गोरसों बुग्यालवर (बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण) सकाळी ऊन यायच्या आधी तंबूतून बाहेर पडलं की द्रोणागिरी आणि तिच्या उजवीकडे खूप मागे नंदादेवी. बाकीचे डोंगर ओळीत उभे असतात, ही एकटी मागे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ती बुटकी असावी. मग कुणीतरी सांगतं की ती लांब आहे आणि तरी एवढी दिसतेय.

सांगायचं हे की ते बघायला आत जावं लागत नाही. आणि बाहेरच्या बुग्यालांचं आपण काय केलं? २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाला बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घालावी लागली. ती गिर्यारोहकांमुळे नव्हे, तुमच्याआमच्यासारख्या हौशी ट्रेकर लोकांमुळे. आतलं कुरण आपल्या हातात दिलं तर वेगळं काय होणार?

सुळकेबहाद्दर :
इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. हरिश्चंद्रगडावर पाचनईची वाट आहे, चप्पल घालून लोक जातात. नंदादेवीला तशी वाटच नाही. लाता गावातून निघा, लाता खरक, मग धारांसी, तिथून खाली डिब्रूगेटा, पुढे देवडी, रमणी, आणि त्यानंतर घळीचा वरचा भाग. तिथे ओल्या गवताच्या उतारावर आणि गुळगुळीत कातळावर पाठीवर ओझं घेऊन आडवं सरकत जायचं, खाली नदीचा नुसता आवाज. हे सगळं फक्त बेस कॅम्पला पोचण्यासाठी. डीजे नेणार कसा, अण्णा? डोंगरानेच चाळणी लावलेली आहे.

शिखर तर त्याहून कठीण. मुख्य शिखर आणि नंदादेवी पूर्व (७४३४ मीटर) यांच्यामध्ये सुमारे दोन किलोमीटरची धारेसारखी कड आहे. १९५१ मध्ये फ्रेंच मोहिमेतले दुप्ला आणि विन्य मुख्य शिखर चढून ती कड ओलांडायला निघाले आणि पुन्हा कधी दिसले नाहीत. त्यांचा शोध घेताना त्याच मोहिमेतले तेनझिंग आणि दुबो पूर्व शिखरावर चढले. दोन्ही शिखरं जोडणारी चढाई झाली थेट १९७६ मध्ये, भारत-जपान मोहिमेत. अशा ठिकाणी गर्दीची भीती दाखवणं जरा गमतीचं आहे.

कोथरूडचे_अण्णा :
चाळणी होतीच ना सत्तरच्या दशकात? तरी आठ-नऊ वर्षांत वाट लागली. एव्हरेस्टही चप्पल घालून चढता येत नाही, तिथली रांग पाहिलीत ना?

सुळकेबहाद्दर :
वाट लागली ती चढणाऱ्यांच्या डोक्यांमुळे कमी, त्यांच्या सामानामुळे जास्त. एका मोठ्या मोहिमेमागे शंभरावर हमाल, शिवाय पाठीवर धान्याच्या पिशव्या घेतलेल्या शेळ्यामेंढ्यांचे कळप. एवढ्या लोकांचा स्वयंपाक आणि रात्रीची शेकोटी, दोन्ही लाकडावर. भूर्जाचं झाड त्या उंचीवर वाढायला किती वर्षं लागतात ते वेगळं सांगायला नको. आज गॅस आहे, सुकं अन्न आहे, सहा जणांची मोहीम थोडक्या हमालांवर निभते. शिप्टन-टिलमन जोडी ३४ साली अशीच हलकी गेली होती, आपण मध्येच लवाजमा वाढवला.

वाचनमात्र_सदू :
वाचनखूण साठवली. चालू द्या.

तिरकस :
सगळे सरपणावर बोलतायत. त्या डोंगरात अमेरिकेच्या सीआयएचं, त्यांच्या गुप्तहेर खात्याचं, प्लुटोनियम हरवलंय त्याचं काय? मला तर वाटतं बंदीचं खरं कारण तेच.

गोंयकार_बाब :
कितें?? हे खरं आहे की पिक्चरची स्टोरी?

अणुशक्तीनगरचा_आजोबा :
खरं आहे, पण जेवढं रंगवलं जातं तेवढं नाही. आयुष्य याच क्षेत्रात गेलं, म्हणून थोडं लिहितो.

१९६४ मध्ये चीनने लोप नोरला अणुस्फोट केला. त्यांच्या क्षेपणास्त्र चाचण्यांवर कान ठेवायचा तर उंच जागी यंत्र हवं, म्हणून अमेरिकेची सीआयए आणि आपलं गुप्तवार्ता खातं यांनी मिळून नंदादेवीची निवड केली. भारतीय बाजूचं नेतृत्व कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्याकडे, ज्यांच्या मोहिमेने १९६५ मध्येच एव्हरेस्टवर नऊ जण चढवले होते. ऑक्टोबर १९६५ मध्ये माथ्याच्या खालच्या तळापर्यंत सामान पोचलं, हवामान बिघडलं, आणि यंत्र तिथेच कातळाला बांधून सगळे उतरले. पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला परत गेले तर जागा रिकामी. बहुधा हिमकडा कोसळला आणि सगळं घेऊन गेला. पुढे १९६७ मध्ये दुसरं यंत्र शेजारच्या नंदाकोटवर बसवलं, ते काही काळ चाललं आणि नंतर खाली आणलं गेलं.

हा बॉम्ब नव्हता. प्लुटोनियम-२३८ आपोआप क्षय पावताना उष्णता देतं, त्या उष्णतेवर यंत्रासाठी वीज निर्माण करायची, एवढंच त्याचं काम. अंतराळयानांत हेच तंत्र वापरतात. त्याचं अर्धायुष्य ८७.७ वर्षं, म्हणजे साठ वर्षांनंतरही मूळच्या साठेक टक्के माल शिल्लक. तो अल्फा किरण सोडतो, ते कातडीही भेदत नाहीत. धोका आहे तो कवच फुटून त्याची पूड श्वासात किंवा पाण्यात गेली तर. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात बातमी फुटली आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांना संसदेत निवेदन करावं लागलं. शास्त्रज्ञांची समिती नेमली, पाण्याची तपासणी झाली, किरणोत्सर्ग आढळला नाही.

आता तुमच्या शंकेबद्दल. यंत्र हरवलं १९६५-६६ मध्ये. परदेशी मोहिमा सुरू झाल्या १९७४ मध्ये, आणि संसदेत गाजावाजा झाल्यावरही पुढची चार वर्षं त्या चालूच होत्या. यंत्रासाठी बंदी घालायची असती तर १९७८ मध्येच घातली असती. तारखा जुळत नाहीत.

तिरकस :
आजोबा, तुम्ही माझ्या आयुष्यातला आनंद हिरावून घेतलात.

गोंयकार_बाब :
आजोबांना दंडवत. वेगळा लेखच लिहा.

सिएटलकर_निखिल :
इकडच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, नंदादेवी हे नाव इथे वॉशिंग्टन राज्यात अनेकांना माहीत आहे, पण एका मुलीमुळे. विली अनसोल्ड हा एव्हरेस्टच्या पश्चिम धारेवरून १९६३ मध्ये चढलेला गिर्यारोहक. तरुणपणी त्याने नंदादेवी पाहिली आणि पुढे मुलगी झाली तेव्हा तिचं नाव नंदादेवी ठेवलं. १९७६ मध्ये बाप-लेक त्याच शिखराच्या मोहिमेवर गेले. वरच्या तळावर ती आजारी पडली आणि तिथेच गेली. वय बावीस. तिला खाली आणणं शक्य नव्हतं, डोंगरावरच निरोप दिला. अनसोल्ड इथे ऑलिंपियाच्या कॉलेजात शिकवायचा. १९७९ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन रेनियर पर्वतावर गेला असताना हिमकडा कोसळून एका विद्यार्थिनीसह तोही गेला.

दुसरी गोष्ट कमी काव्यमय आहे. त्याच रेनियरवर चढायला आज परवाना लागतो, आणि सोबत निळी पिशवी मिळते. शौच पिशवीत करायचं आणि पिशवी स्वतः खाली आणायची. अलास्कात डेनालीवर त्यासाठी डबा देतात. सुरुवातीला लोक नाकं मुरडतात, मग सवय होते. उघडायचं की बंद ठेवायचं यावर आपण भांडतोय, पण उघडून नीट ठेवायची रीत जगात आहे.

कोथरूडचे_अण्णा :
पिशवी देतील, मान्य. ती खाली आणली की नाही हे बघायला वर कोण बसणार? तुमच्याकडे रेंजर आहेत. आमच्याकडे कागदावर पंधरा पदं मंजूर, त्यातली दहा रिकामी आणि उरलेल्या पाचांतले तीन निवडणुकीच्या कामाला.

भटकी_मंजिरी :
निळी पिशवी सोडा, आपल्याकडचे लोक वेफर्सची रिकामी पिशवी खाली आणत नाहीत.

अल्मोड्याची_सून :
बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. माहेर सातारा, सासर अल्मोडा.

तुम्ही सगळे चढणं, बंदी, परवाना यावर बोलताय. इकडे माझ्या सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बेटी के घर पर चढ़ते हैं क्या?" इथे नंदा म्हणजे मुलगी. कुमाऊँची आणि गढवालची, दोघांची. माहेरी येते आणि मग सासरी, कैलासाला, पाठवतात. आपल्याकडे भाद्रपदात गौरी बसतात ना, त्याच सुमारास इकडे नंदाष्टमी. अल्मोड्याच्या जत्रेत नंदा आणि सुनंदा या दोघी बहिणींच्या मूर्ती केळीच्या खांबापासून घडवतात. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या दोन गौरीच आठवल्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. विसर्जनाला बायका रडतात, अगदी खऱ्या रडतात.

गढवालात बारा वर्षांनी मोठी नंदादेवी राजजात यात्रा निघते. मागची २०१४ मध्ये झाली. नौटी गावातून निघून वाण, बेदनी बुग्याल, रूपकुंड करत होमकुंडपर्यंत. पुढे चार शिंगांचा मेंढा, त्याला चौसिंगा खाडू म्हणतात. मुलीच्या सामानाची गाठोडी त्याच्या पाठीवर. होमकुंडला पूजा झाली की मेंढ्याला डोंगराच्या दिशेने सोडून देतात आणि माणसं मागे फिरतात. पुढे एकटीचा प्रवास. इतक्या कडाक्याच्या वाटेवर पिढ्यान्पिढ्या माणसं जात आलीत, पण शेवटच्या टप्प्याला पाय आपणहून थांबतो.

म्हणून 'एक पिढी म्हातारी झाली' हे वाचून हसू आलं. इथल्या किती पिढ्या तिच्याकडे बघत म्हाताऱ्या झाल्या, कुणाची तक्रार नाही. :)

कातळवेडा :
ताई, प्रतिसाद फार आवडला. पण एक विचारतो, राग मानू नका. मुलीच्या घरावर चढायचं नाही ही भावना असेल तर लाता गावचे लोक मोहिमांचे हमाल आणि वाटाडे म्हणून कसे जात होते?

अल्मोड्याची_सून :
राग कसला. पोटासाठी जात होते, आणि बंदी आली तेव्हा सर्वांत मोठा फटका त्यांनाच बसला. लात्यात नंदादेवीचं जुनं देऊळ आहे, त्यांच्याइतकी तिची भक्ती कुणाची नसेल. दोन्ही एकत्र नांदत होतं. धारांसीपर्यंत त्यांच्या मेंढ्या चरायच्या, आतून जडीबुटी यायची, आणि मोहिमांच्या हंगामात हातात रोख पैसा. १९६२ नंतर तिबेटचा व्यापार बंद पडला, तेव्हापासून ही भोटिया गावं तशीही अडचणीतच होती. मग उद्यान झालं आणि एका फटक्यात चराई, जडीबुटी, मजुरी सगळं गेलं.

आणि ही गावं कुठली? शेजारचं रैणी म्हणजे चिपकोचं गाव. मार्च १९७४ मध्ये गावातले पुरुष बाहेर असताना ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली, तेव्हा गौरा देवी आणि सत्तावीसेक बायका झाडांना बिलगून उभ्या राहिल्या. ज्यांनी जंगल वाचवलं, त्यांनाच सांगितलं गेलं की तुमच्यापासून जंगलाला धोका आहे. १९९८ मध्ये लात्याच्या लोकांनी 'झपटो छीनो' आंदोलन केलं, बंदी झुगारून आत शिरले. त्यानंतर काही वर्षांनी डिब्रूगेटाच्या बाजूला मोजक्या पर्यटकांना परवानगी मिळू लागली.

आंबेगावचा_गडी :
ताईंनी मुद्द्याला हात घातला. मी भीमाशंकरच्या खालच्या गावातला. आमच्याकडं ८५ साली अभयारण्य झालं, शेकरूसाठी. शेकरू वाचलं पाहिजे, आमचं दुमत नाही, ते आमच्याच झाडांवर नाचत होतं. पण हिरडा गोळा करायला गेलेल्या म्हातारीला अडवायचं आणि शनिवार-रविवार हजार गाड्यांना वर सोडायचं, ह्याचा हिशेब लागत नाही.

कुणीतरी म्हणेल की नंदादेवी म्हणजे हिमालयातली देवराईच. असंल. पण देवराईत वाळकी काटकी उचलायची नाही हा नेम गावानं केलेला असतो. मोडला तर गाव बघतं, देव बघतो. म्हणून तो टिकतो. नंदादेवीचा नेम दिल्लीत झाला. नेमाच्या चांगुलपणावर माझं म्हणणं नाही, तो कोणी केला आणि कोणाला विचारून, ह्यावर आहे.

वाचनमात्र_सदू :
+१००

कोथरूडचे_अण्णा :
गडीभाऊ, भावनेला नमस्कार. पण निसर्गाचं काय झालं तेही बघा की. १९९३ मध्ये लष्कराच्या सॅपर्सची, म्हणजे अभियंता दलाची, मोहीम खास परवानगीने आत गेली. सोबत वनस्पती आणि प्राणी अभ्यासणारे शास्त्रज्ञ होते. त्यांनी जुन्या मोहिमांचा कचरा खाली आणला. दहा वर्षं माणूस नसलेलं जंगल सावरतंय हे तेव्हाच दिसलं, २००३ च्या पाहणीतही दिसलं. भरल (हिमालयातल्या रानमेंढ्या) आहेत, कस्तुरीमृग आहेत, हिमबिबट्या आहे. बंदीचा उपयोग झाला, हे तरी मान्य करा.

आंबेगावचा_गडी :
झाला की. नाही कोण म्हणतंय? किंमत कोणी दिली एवढंच विचारतोय.

खडकवासला_भूगर्भ :
किंमतीवरून आठवलं. ७ फेब्रुवारी २०२१. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं असेल, पण नीट सांगतो. नंदादेवीची हिमनदी फुटली असं दिवसभर चॅनेलवाले ओरडत होते, ते खरं नव्हतं. रौंठी शिखराच्या उत्तर उतारावरून, साधारण साडेपाच हजार मीटर उंचीवरून, कातळ आणि बर्फाचा प्रचंड तुकडा सुटला. सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर. शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांवरून हे नंतर मांडलं. जवळजवळ दोन किलोमीटर खाली कोसळताना घर्षणाच्या उष्णतेने त्यातलं बर्फ वितळलं आणि चिखल-धोंड्यांचा लोंढा ऋषिगंगेत उतरला. रैणीजवळचा १३.२ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प नामशेष झाला, पुढे तपोवनला ५२० मेगावॅटच्या प्रकल्पाचं काम चालू होतं, तिथल्या बोगद्यात माणसं अडकली. मृत आणि बेपत्ता मिळून दोनशेच्या वर.

आता गडीभाऊंचा हिशेब पुढे नेतो. ज्या ऋषिगंगेच्या वरच्या अंगाला मेंढीला बंदी आहे, त्याच नदीवर खाली सुरुंग लावून धरण बांधायला हरकत नव्हती. रैणीच्या लोकांनी त्या प्रकल्पाविरुद्ध नैनितालच्या उच्च न्यायालयात दादही मागितली होती. जागतिक वारशाच्या तोंडावर.

तिरकस :
आणि त्या दिवशी गावकरी काय म्हणत होते? "ते अमेरिकेचं यंत्र फुटलं." आजोबा, माझा आनंद थोडा तरी परत करा.

अणुशक्तीनगरचा_आजोबा :
नाही. असल्या यंत्राचा स्फोट होत नाही. आणि रौंठीचा उतार वेगळा, यंत्राची जागा वेगळी. पण ते लोक तसं का म्हणाले हे मला समजतं. तुमच्या डोक्यावर कुणी काय आणून ठेवलंय हे तुम्हाला तेरा वर्षांनी परदेशी मासिकातून कळत असेल, तर पुढच्या प्रत्येक गडगडाटाला तुम्ही तेच कारण लावणार.

गोंयकार_बाब :
भूतानसारखं करा ना. सरळ सगळेच डोंगर बंद. १९९४ पासून सहा हजार मीटरच्या वर नाही, २००३ पासून चढाईच नाही. गांगखर पुएनसुम ७५७० मीटर, अजून कुणीच चढलं नाही. भांडण मिटलं.

सिएटलकर_निखिल :
भूतानने बंदी घातली ती गावकऱ्यांच्या श्रद्धेला धरून. गडीभाऊंचाच मुद्दा झाला तो, देवराईचा नेम. इथे तसं कुणी विचारलं का?

सुळकेबहाद्दर :
परत विषयावर. धागा वाचून माझं मत थोडं सरकलंय. आधी म्हणत होतो गिर्यारोहकांसाठी उघडा. आता म्हणतो, उघडायचंच तर पहिली परवानगी लात्याला द्या. वाटाडे त्यांचे, हमाल त्यांचे, एका हंगामात किती माणसं आत न्यायची तो आकडा त्यांच्या पंचायतीने आणि वनखात्याने मिळून ठरवायचा, आणि परवान्याच्या पैशातला मोठा वाटा थेट गावात. आकडा शून्य ठरला तर शून्य. मग आम्ही दुसरा डोंगर बघू.

गिर्यारोहक म्हणजे केवळ नासधूस करणारे, असंही नको. १९८१ मध्ये हर्षवंती बिष्ट, रेखा शर्मा आणि चंद्रप्रभा ऐतवाल नंदादेवीच्या माथ्यावर पोचल्या. त्यातल्या हर्षवंती बिष्ट यांनी पुढे गंगोत्रीच्या वर भूर्जाची लागवड करून ती जगवली, आणि २०२१ मध्ये इंडियन माउंटेनीअरिंग फाउंडेशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. सत्तरच्या दशकात जे झाड चुलीत गेलं तेच एका गिर्यारोहक बाईने पुन्हा लावलं.

कोथरूडचे_अण्णा :
लात्याची पंचायत ठरवणार असेल तर माझा विरोध जरा सौम्य. पण दहा वर्षांत पंचायतीत कुठल्या तरी बड्या ट्रेक कंपनीचा माणूस बसलेला असेल, लिहून ठेवा.

आंबेगावचा_गडी :
अण्णा, तो बसंल की न बसंल, पण गावाला त्याला उठवता तरी येईल. दिल्लीतल्याला कोण उठवणार?

कातळवेडा :
माझं मत अजूनही 'उघडा' असंच आहे. सुळकेबहाद्दरांची अट मान्य, शून्य आकड्यासकट. फक्त अल्मोड्याच्या ताईंच्या सासूबाईंपुढे हे बोलायची हिंमत नाही.

चाकरमानी_राजापूर :
मस्त धागा. मला चढायचं वगैरे नाही, गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. जवळून कुठून दिसेल?

भटकी_मंजिरी :
गुडघे नाहीत तर औली, रोपवे चालू आहे का ते आधी विचारून जा. २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यापासून तिकडचं काही गृहीत धरू नका. कौसानी आणि बिनसरहून लांबून पण सगळी रांग दिसते, गाडी दारापर्यंत. थोडं चालता येत असेल तर मुनस्यारीहून मर्तोली, गनघर करत पाछूच्या बाजूने नंदादेवी पूर्वचा बेस कॅम्प. ही बाजू बंद नाही, पण सोपी समजू नका. मे २०१९ मध्ये ब्रिटिश गाइड मार्टिन मोरान यांची आठ जणांची तुकडी याच बाजूला हिमकडा कोसळून गेली. सात जणांचे देह आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस) जवानांनी आठवडे खपून खाली आणले.

चाकरमानी_राजापूर :
कौसानी. ठरलं. महिना कुठला?

अल्मोड्याची_सून :
नोव्हेंबर. पाऊस संपून हवा धुतलेली असते, सकाळी नऊपर्यंत ढगही नसतात. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे शेअर जीप मिळते. स्वेटर दोन आणा. आणि अल्मोड्यात उतरलात तर बाल मिठाई घ्या, पण स्टँडच्या तोंडावरच्या दुकानातून नको, वर बाजारात लाला बाजारला चढून या. गुडघ्यांना तेवढं जमेल.

नकाशाप्रेमी :
नंगा पर्वताचा वेगळा धागा काढलाय. सर्वांनी यावे.